दोन आशीर्वादांच्या मधले झिराडकर

सकाळच्या प्रार्थनेत शालोम झिराडकरांशी बोलू नये. उत्तर हाताने मिळते आणि ते सहसा अपमानकारक असते. स्तुतीचा पहिला आशीर्वाद म्हटला, की दाविद राजाची स्तोत्रे संपून अखेरचा आशीर्वाद होईपर्यंत मधे इतर बोलणे नाही, हा त्यांच्या यहुदी उपासनेचा नियम. एका मुठीत प्रार्थनेच्या शालीची झालर. दुसऱ्या हाताने ते दूधवाल्याला पिशव्या सांगतात, टँकरवाल्याला दिशा दाखवतात आणि मी चहा मागितला, तर मला दार.

एव्हरशाईन सिटीतील आमच्या सोसायटीत त्यांच्याविषयी पुष्कळ चुकीचे बोलले जाते. सेक्रेटरी म्हात्रे त्यात आघाडीवर. ‘‘नाना, दगड आहे हा माणूस. इस्रायलहून लेक फोन करते, तर तिच्याशीही बोलत नाही.’’

म्हात्र्यांनी हे जिन्यातून ऐकले आहे. मी समोर बसून पाहिले आहे. रिव्का तिकडे इस्पितळात परिचारिका. रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत ती याच वेळी फोन लावते. झिराडकर तो साखरेच्या डब्याला टेकवून ठेवतात. एक ओळ ते म्हणतात, पुढची ती. ख्यालीखुशाली नाही, काही नाही. प्रार्थना संपते तेव्हा तिची सुट्टीही संपत आलेली असते.

म्हात्र्यांचा दुसरा आरोप असा, की तिच्या गावी हल्ल्याच्या इशाऱ्याचे भोंगे वाजल्याची बातमी आली, तरी हा गृहस्थ गात बसला. बसला, हे खरे. प्रार्थनेआधी त्यांनी लावलेला फोन कोणी उचलला नव्हता, हे म्हात्र्यांना ठाऊक नाही. झांजा आणि शिंगांच्या त्या शेवटच्या स्तोत्रापाशी झिराडकर आले आणि आशीर्वादाकडे न वळता पुन्हा त्याच्या आरंभाला गेले. मग आणखी एकदा. प्रार्थना पुरी झाली, तर लेकीच्या फोनची वेळ निघून गेली असे ठरणार होते. दूध उतू गेले. गॅस मी बंद केला.

‘‘शालोम, मी लावून बघू का?’’

त्यांनी हाताने मला गप्प केले. मग त्याच हाताने फोनचा आवाज पूर्ण वाढवला. जिन्यातून हे दिसत नाही.

फोन वाजला. गाणे न थांबवता त्यांनी तो बोटाने उचलला. आधी इस्पितळातला गलका आला, मग रिव्का. ‘हॅलो’ न म्हणता तिने पुढची ओळ धरली. दोघांनी स्तोत्र पुरे केले, अखेरचा आशीर्वाद झाला, झालर मुठीतून सुटली. आता बोलायला मोकळीक होती.

‘‘जेवलीस का गं?’’ झिराडकरांनी विचारले.