पालकापुरतं प्रदूषण

हैदराबादबाहेरच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रमोद आठल्ये पर्यावरण व्यवस्थापक म्हणून रुजू झाला, तेव्हा देशाचे दरवाजे जगासाठी नुकतेच उघडले होते. त्यातून आलेले पहिले पाहुणे जर्मन होते. कारखान्याच्या सांडपाण्याला अमोनियाचा असा दर्प होता, की फाटकाशीच त्यांनी मोटारीच्या काचा वर केल्या आणि करार न करता विमानतळ गाठला. त्याच दुपारी मालक प्रतापरावांना पर्यावरणाची काळजी वाटू लागली.

"आठल्ये, तुम्ही पुण्याचे, शिकलेले," प्रतापराव म्हणाले. त्यांचं घराणं इथलंच, निजामाच्या काळापासूनचं, आणि मराठी निम्मी दखनी. "ये बास जाना होना बस. हा वास गेला पाहिजे, कसंही करा."

प्रमोद मनापासून कामाला लागला. झिओलाइट नावाचा एक दगड असतो, ज्वालामुखीच्या खडकात सापडणारा, आतून जाळीसारखा पोकळ. पाण्यातलं अमोनियम तो स्वतःत धरून ठेवतो. प्रमोदनं उंच टाक्या उभ्या केल्या, त्यांत दगडाचा चुरा भरला आणि सगळं सांडपाणी त्यातून सोडलं. दर्प गेला. नल्लकुंट्याच्या घरी त्यानं त्या पाण्याची बाटली बायकोच्या, नीलिमाच्या, नाकाखाली धरली.

"काहीच वास येत नाही की रे!" नीलिमा म्हणाली. लग्नानंतर इतकं स्पष्ट कौतुक त्याच्या वाट्याला प्रथमच आलं.

पुढच्याच महिन्यात हिम्मतराव फाटकावर आले. कारखान्याचं सांडपाणी ज्या नाल्यात जायचं, त्याच्या काठी त्यांचा पालेभाज्यांचा मळा, आणि त्यांची बायको भामा मलकपेठच्या बाजारात भाजीची गाडी लावायची.

"साहेब, पाण्यातलं काय काढून घेतलं तुम्ही?"

"घाण."

"तीच परत सोडा. माझा पालक पिवळा पडायलाय."

प्रमोदनं समजावलं, की अमोनियम म्हणजे पिकाला फुकट मिळणारं खतच होतं, पण आता पाणी स्वच्छ आहे.

"स्वच्छ पाणी माणसांनी प्यावं, साहेब. पालकाला कशाला? बाया जुडी उचलतात, बघतात अन् परत ठेवतात."

काठावरचे सगळेच बागाईतदार फाटकापाशी ठाण मांडून बसले. 'स्वच्छ पाण्यामुळे शेतीचे नुकसान' अशी बातमी छापून आली. एक आमदार येऊन गेले आणि पाणी पूर्ववत अस्वच्छ करण्याचं आश्वासन देऊन गेले.

तोडगा प्रतापरावांनीच काढला. अमोनियमनं भरलेला दगड कारखान्यामागे ढिगानं साचत होता. "हे खतच की!" ते म्हणाले. हिरव्या पानाचं चित्र छापलेल्या पोत्यांतून तो दगड त्याच बागाईतदारांना विकायला निघाला.

"साहेब, हा दगड नुसतं अमोनियम धरत नाही," प्रमोद म्हणाला. "आपल्या पाण्यातलं शिसंही धरतो. ते भाजीत जाईल."

"शिसं दिसतं का?"

"नाही."

"बास येते?"

"नाही."

"मग नक्को बोलू."

पालक पुन्हा गर्द झाला. पोती इतकी खपू लागली, की सांडपाण्यातलं अमोनियम पुरेना. कारखान्याच्या बैठकीत प्रदूषणाच्या तुटवड्याबद्दल तीव्र चिंता व्यक्त झाली. बाहेरून अमोनियमचं मीठ ट्रकनं मागवून सांडपाण्यात मिसळावं आणि मग ते दगडानं काढून घ्यावं, असं ठरलं. टाक्या मात्र होत्या तेवढ्याच. उरलेलं अमोनियम मुकाट्यानं नाल्यात जाऊ लागलं, पहिल्यापेक्षा जास्त.

तपासणीला सरकारी अधिकारी आले. आकडे पाहून ते हरखले.

"पूर्वी तुम्ही थोडंसं काढत होतात. आता केवढं काढताय!"

"पण ते आम्हीच घालतो, साहेब," प्रमोदला राहवेना.

अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला. "काढण्याचं बघणं आमच्याकडे आहे. घालण्याचं खातं वेगळं."

कारखान्याला प्रदूषणमुक्तीचा पुरस्कार मिळाला आणि प्रमोदला शाल. शाल त्यानं घेतली. बढतीही घेतली. पण एका दुपारी नीलिमानं पालकाची पातळभाजी वाढली आणि मुलगा चिन्मय ती वाटीला तोंड लावून ओरपू लागला, तेव्हा प्रमोदनं त्याच्या हातातून वाटी ओढून घेतली.

"अरे, काय झालं?" नीलिमा दचकली.

त्यानं सगळं सांगितलं.

"पहिलं पोतं विकलंत त्या दिवशी का नाही बोललास?" ती म्हणाली. "शिजवत होते ना मी रोज!"

प्रमोदनं वाटी मोरीत रिकामी केली.

"आता निदान बाकीच्यांना तरी सांग."

नारायणगुड्याच्या मराठी मंडळात प्रमोदचं व्याख्यान झालं. त्यानं काहीच लपवलं नाही, कारखान्याचं नाव नाही की स्वतःची शाल नाही. सभागृहात डॉक्टर होते, प्राध्यापक होते, संगणकातली नवी पगारदार मंडळी होती. सारे सुन्न झाले. नाल्याकाठची भाजी घ्यायची नाही, असा ठराव एकमतानं संमत झाला आणि मग बटाटेवडा झाला. दुसऱ्या दिवशी प्रतापरावांनी प्रमोदला नोकरीवरून मोकळं केलं. "हवा मानवत नाही तुम्हाला इथली," ते आपुलकीनं म्हणाले.

जाता जाता प्रमोद हिम्मतरावांकडे गेला आणि दगडातल्या शिशाबद्दल त्यांनाही सांगितलं. हिम्मतराव हबकले. घरात त्यांचीही नातवंडं तोच पालक खात होती. त्यांनी पोती बंद केली, नाल्याचं पाणी तोडलं आणि दगड न पडलेल्या तुकड्यात विहिरीवर पालक लावला.

तो तयार झाला, त्या रविवारी प्रमोद आणि नीलिमा मलकपेठला गेले. भामाच्या गाडीवर फिकट, किडीनं भोकं पाडलेल्या जुड्या होत्या. शेजारच्या गाडीवर शेजाऱ्याचा पालक होता, तळहाताएवढ्या काळ्याभोर पानांचा.

"हा विहिरीचा, तो नाल्याचा!" भामा गिऱ्हाइकागणिक ओरडून सांगत होती.

गिऱ्हाइकं मान डोलवत होती, तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करत होती आणि शेजारच्या गाडीकडे सरकत होती. ठराव मांडणारे गृहस्थ तिथे हळूच म्हणत होते, "जरा हिरवा बघून द्या." नीलिमानं फिकट जुडी घेतली, भोकं दाखवून निम्म्या भावात.

शेजारची गाडी बघता बघता रिकामी झाली. भामाची तशीच राहिली.

"सगळी तुमच्या सभेतलीच माणसं दिसतात की, साहेब," ती प्रमोदला म्हणाली.

गर्दीत ओळखीचे चेहरे बरेच होते. नावं कशाला घ्या? आज बाजारातून कुठली जुडी उचलून आणलीत, ते तुमचं तुम्हाला ठाऊक आहे.