सबनीसकाकांचं उजवं बोट

सबनीसकाका माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, हातांकडे बघतात. बदली होऊन आम्ही कोलकात्यात आलो आणि सोसायटीत आणखी एक मराठी बिऱ्हाड आहे म्हटल्यावर मी हौसेनं लाडवांचा डबा घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. काकांनी डबा घेतला, माझ्या डाव्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, "दुसरा हात कुठाय?"

मी दचकून हात वर केला.

"असा लोंबता नको. छातीशी ठेवा. कोणी काही मारलं तर?"

लाडू द्यायला आलेल्या बाईला कोण काय मारणार, देव जाणे!

पण हे सगळ्यांनाच. बाजारात पायात विळी धरून मासा चिरणाऱ्या दादालाही ते विचारतात, "आरेक हात कोथाय?" तो बिचारा मासा खाली ठेवून दोन्ही हात दाखवतो.

काका पंचवीस वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनियर होते. तिथे एका फिलिपिनो खलाशानं त्यांना आर्निस शिकवलं. आर्निस म्हणजे वेताच्या काठ्यांनी लढायची त्या लोकांची विद्या. "म्हणजे आपली लाठीकाठीच ना?" असं मी एकदाच विचारलं. पुढचा पाऊण तास मला घरी जाता आलं नाही.

शेवटची नोकरी इथे कोलकात्याजवळच, बजबजच्या तेलाच्या डेपोत झाली, मग काकू गेल्या आणि काका इथेच राहिले. मुलगी मुक्ता पुण्याला. दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो, मोजून दोन मिनिटं. उकाडा कसा आहे, गोळ्या घेतल्या का, ठेवते. "बिझी असते," काका म्हणतात आणि फोनकडे उगाच बघत राहतात. या दोन मिनिटांची तीन व्हावीत म्हणून हा माणूस आठवडाभर झुरतो, हे मला शेजारी राहून कळलं होतं. बोलायची सोय नव्हती.

रविवारीच गच्चीवर त्यांचा वर्ग. चार बंगाली बायका आणि मी, सगळ्या पन्नाशीच्या. "इसा, दालावा, तात्लो" असे फिलिपिनो आकडे मोजत आम्ही काठ्या आपटतो. काका शिकवताना दयामाया ठेवत नाहीत. कोणी "आई गं" म्हटलं की ठरलेलं उत्तर, "लागलं ना? म्हणजे लक्ष नव्हतं."

माझी पंचाईत वेगळीच. वडीलधाऱ्या माणसावर काठी उगारायची म्हणजे काय! माझी काठी वीतभर अलीकडेच थांबायची, आणि चुकून टेकलीच तर मी पटकन वाकून नमस्कार करायची.

"पाटणकरबाई, पाया कसल्या पडताय? मारा! आम्ही काय मेणाचे आहोत?"

एका रविवारी मात्र मी चिडले आणि खरंच मारली. नेमका तेव्हाच कठड्यावरचा फोन वाजला आणि काकांची नजर तिकडे गेली. काठी त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर बसली. आवाज चांगला नव्हता.

"शाब्बास!" काका म्हणाले. चेहरा पांढराफटक. फोन वाजून वाजून थांबला.

पुढच्या रविवारी त्यांनी जाहीर केलं, "आजपासून डाव्या हाताचे धडे." आम्ही भोळ्या, घेतले. दोन आठवड्यांनी मी थालीपीठ घेऊन गेले तर काका डाव्या हातानं शर्टाचं बटण लावत होते. उजवं बोट वांग्यासारखं सुजलेलं, आइस्क्रीमच्या काडीला चिकटपट्टीनं बांधलेलं.

"अहो, वय काय तुमचं? लाज नाही वाटत?" मी इतकं बोलले की नंतर माझी मलाच लाज वाटली. डोळेही भरून आले होते. त्यांना टॅक्सीत घातलं आणि डॉक्टर गाठला. हाड मोडलं होतं.

प्लास्टर घालून परत येताना मी म्हटलं, "मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तुम्ही काठी सोडली असती." काका खिडकीबाहेर बघत होते. "मुक्तानं सोडली. दहा वर्षांची होती. सुट्टीवर आलो होतो, शिकवत होतो. माझीच काठी, तिचं हेच बोट. ती रडायला लागली तर मी ओरडलो, लक्ष नव्हतं तुझं, रडायचं नाही. गप्प झाली. तेव्हापासून गप्पच आहे." मग प्लास्टरकडे बघून म्हणाले, "इतकं दुखतं हे मला माहीतच नव्हतं हो. मी आजवर फक्त मारलंच."

"मग तिला सांगा हे."

"वीस वर्षांनी?"

 

त्या रविवारी वर्ग ऐन रंगात असताना फोन वाजला. काकांनी हात वर करून आम्हाला थांबवलं, डाव्या हातानं फोन कानाला लावला आणि उकाडा वगैरे काही येऊ न देता एकदम म्हणाले, "मुक्ता, तुझं ते बोट नीट वाकतं ना गं? फार दुखलं होतं, नाही? माझं चुकलं."

 काका फोन कानाला धरूनच टाकीच्या पायरीवर बसले. दोन मिनिटं केव्हाच उलटून गेली होती. आम्ही पाचही जणी काठ्या काखेत मारून, चपला हातात घेऊन जिन्याकडे निघालो.

"रड गं, रड," मागून काकांचा आवाज आला. "मी ठेवत नाही फोन."