सटवाजीची मशीन कोणती?

सिद्धोधनने धुऊन उभी केलेली दोन मळणीयंत्रं समोर होती, आणि त्यातलं आपलं कोणतं हे सटवाजीला ओळखू येईना.

सेलूच्या कापसाच्या जिनिंगमधली यंत्रं साफ करायला सिद्धोधनने जोराचा फवारा मारणारा पंप घेतला होता. सोयाबीनची मळणी तोंडावर आली, तशी एकाच कंपनीची तीन मळणीयंत्रंही त्याच्याकडे आली. मुंजाजी सकाळीच आपलं घेऊन गेला. उरली ही दोन. पाण्याच्या माऱ्याने ग्रीस, चिखल, भुसा तर गेलाच. वरचा रंग आणि रंगाने लिहिलेली मालकांची नावंही गेली.

“सिद्धू, मपली कंची?”

“काका, आल्या तवा समद्या काळ्याच व्हत्या. तुमीच वळखा की!”

दुसरा मालक बन्सीधर दोन चकरा मारून म्हणाला, “मपली खडखड वाजती. चालू करून बगा.”

चालू केली. दोन्ही गुमान फिरू लागली. खडखडणारं जे काही होतं, तेही धुऊन गेलं होतं.

आभाळ भरून आलेलं, शेतात सोयाबीनची गंजी उघडी. सटवाजीने घाईघाईने बायकोला बोलावून घेतलं. लक्ष्मीबाईने दोन्ही यंत्रांत डोकं घातलं, पत्र्यावरून हात फिरवला.

“ह्यातली एकबी आपली न्हाई.”

“वहिनी, मशिनी दोन, मालक दोन,” बन्सीधर हसला. “असं कसं व्हईल?”

“ते मला काय म्हाईत? न्हाई म्हंजी न्हाई.”

सटवाजीने पुन्हा मोजली. दोनच होती. शेवटी चिठ्ठ्या टाकायचं ठरलं, तेवढ्यात सिद्धोधनचा फोन वाजला. मुंजाजी होता. सिद्धोधनने स्पीकर लावला.

“सिद्धू, मशीन लय झ्याक चालायलीय. पर सोयाबीनसंगं आतून चांदीचं जोडवं पडलंय. घरवाली रेणुका म्हणायलीय, माझं न्हाई. मग कोणाचं, म्हणून घंटाभर झाला इचारायलीय. तू तरी सांग बाबा तिला, की…”

लक्ष्मीबाईने फोन हिसकावला. “माझं हाय ते! गेल्या साली मळणीत हरवलं व्हतं. मुंजाजीभाऊ, जपून ठिवा, मी आत्ता येते घ्यायला!”

सटवाजीचा चेहरा उजळला. त्याचं यंत्र मुंजाजीच्या शेतात होतं!

पलीकडे मात्र ते यंत्र कुणीतरी बंद केलं. मग रेणुकाचा आवाज आला, “कोण गं तू?”