मादाम दुप्रांच्या फोनसाठी एक वाक्य

माझी योजना अगदी साधी होती. एक वाक्य, नऊ गुरुवार.

चव्वेचाळीस वर्षं मी हॉलंडमध्ये, आमर्सफोर्टला, नळ आणि हीटर दुरुस्त केले. दुसऱ्यांनी हात टेकलेले बॉयलर मी चालू करून दिले. अशा माणसाला एक वाक्य फ्रेंच शिकायचं म्हणजे काय मोठंसं? भाषा म्हणजे शेवटी पाइपच. एका टोकानं घालायचं, दुसऱ्या टोकानं बाहेर यायला हवं. मध्ये तुंबलं तर मोकळं करायचं!

वाक्य असं होतं: माझी बायको हेनी ऑक्टोबरात वारली.

हे ऐकायचं होतं मादाम दुप्रांना. फ्रान्समध्ये दोर्दोन्य नदीकाठी त्यांची कॅम्पिंगची जागा आहे. एकतीस वर्षं आम्ही जुलैत कॅरॅव्हॅन घेऊन तिथंच गेलो, सतरा नंबरच्या जागेवर, अक्रोडाच्या झाडाखाली. आणि दर जानेवारीत, दुसऱ्या रविवारी दुपारी तीन वाजता, मादामचा फोन यायचा. सतरा नंबर ठेवायचा ना? हेनी फोन घेऊन पॅसेजमध्ये जायची आणि वीस मिनिटं फ्रेंचमध्ये बोलायची, हसायची. मी विचारायचो, काय म्हणते? हेनी म्हणायची, "या म्हणते." एवढ्यासाठी वीस मिनिटं!

मला फ्रेंचमधलं नमस्काराचं 'बाँझूर' तेवढं यायचं. पण ते म्हणायलाही मी हेनीलाच पुढं करायचो. तू बोल, मी तंबूच्या खुंट्या ठोकतो. आमची वाटणी अशी होती.

हेनीला पोहोचवून आल्यावर कॉफीच्या वेळी माझी मुलगी मार्लुस म्हणाली, "एकतीस वर्षं, बाबा. तिच्यासाठी दहा शब्द शिकला असतास." रडता रडता म्हणाली, पण खरं तेच म्हणाली. मग म्हणाली, जानेवारीतला फोन ती घेईल, शाळेतलं फ्रेंच तिला अजून येतं. मी बघू म्हणालो. आणि मनाशी ठरवलं, हा फोन मीच घेणार. मार्लुसला आधी सांगायचं नाही. उगाच अर्ध्यावर सोडलं तर?

वाचनालयाच्या फळ्यावर फ्रेंच शिकवणीची एक चिठ्ठी होती, त्यावरून सोलांज बाई मिळाल्या. मूळच्या फ्रान्समधल्या लीलच्या, लग्न करून इकडे आलेल्या, आता एकट्या. सत्तरीच्या, ताठ, शाळेत जन्म काढलेल्या. पहिल्या गुरुवारी त्यांनी माझ्या घरी येऊन पुस्तक उघडलं. पहिल्या धड्यात एक कुटुंब स्टेशनवर चाललं होतं. मी म्हणालो, मला स्टेशनवर जायचं नाही, मला हे एक वाक्य हवंय. बाईंनी माझ्या कागदावरचं वाक्य वाचलं आणि चष्मा काढला.

"बरं. तुम्ही हे बोललात. मग त्या काहीतरी विचारतील. तेव्हा काय कराल?"

"फोन ठेवीन."

"अहो एव्हर्ट, मृत्यूची बातमी देऊन फोन ठेवणारा माणूस मी तयार करणार नाही."

म्हणून मग सगळंच आलं. कधी, कशानं, कुठं, त्रास झाला का. बाई मादाम व्हायच्या. त्यांच्या कानाला चष्म्याची पेटी, माझ्या कानाला टीव्हीचा रिमोट. पण माझं फ्रेंच त्या वाक्याच्या मध्यावर येऊन थांबायचं. 'माझी बायको' इथवर सुरळीत. 'हेनी' म्हटलं की पुढचं काही बाहेर येईना. मी आजवर पाहिलेला सगळ्यात वाईट तुंबारा तो हाच!

सहाव्या गुरुवारी पहिल्यांदाच वाक्य शेवटपर्यंत गेलं आणि मी कोचावर ढसाढसा रडलो. बाईंनी चष्म्याची पेटी खाली ठेवली आणि माझे दोन्ही हात धरले. नेमक्या त्याच क्षणी समोरच्या घरातली ट्रूस तिच्या खिडकीची काच पुसत होती.

आमच्या गल्लीत दिवसा कुणी पडदे ओढत नाही. लपवण्यासारखं आहे काय? येणारा जाणारा आत बघतो, हात हलवतो, पुढं जातो. ट्रूसनंही हात हलवला. मग काच तशीच अर्धी पुसलेली ठेवून ती आत गेली. रडताना दिसलो म्हणून मी इतका शरमलो, की पुढच्या गुरुवारी तीन वाजता पडदे ओढून घेतले.

ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात मूर्ख दुरुस्ती. भर दुपारी पडदे ओढण्यापेक्षा छतावर उभं राहून भोंगा वाजवला असता तरी कमी बोभाटा झाला असता!

आता प्रश्न रविवारचा. जानेवारीचा दुसरा रविवार म्हणजे नेमका माझा एकाहत्तरावा वाढदिवस. मला नकोच होता. पण मार्लुसनं आधीच केक सांगितला होता, आई नाही म्हणून घर सुनं ठेवायचं नाही म्हणाली. मग मी सोलांज बाईंनाही बोलावलं. तीन वाजता कुणीतरी धीराला जवळ हवं होतं.

वाढदिवसाला आमच्याकडे खुर्च्या गोल मांडतात. येणारा प्रत्येकजण गोलात फिरतो आणि एकूण एकाशी हात मिळवून सगळ्यांचंच अभिनंदन करतो. वडिलांबद्दल अभिनंदन, शेजाऱ्याबद्दल अभिनंदन. या पद्धतीचा तोटा असा, की कुणी खरोखरचं अभिनंदन केलं तरी कुणाला पत्ता लागत नाही.

ट्रूसनं सोलांज बाईंचा हात दोन्ही हातांत घेतला आणि मनापासून अभिनंदन केलं. बाई इथं चाळीस वर्षं राहिलेल्या, त्यांनी शिरस्त्याप्रमाणे ट्रूसचंही केलं. मग ट्रूस मार्लुसकडे गेली. अभिनंदन पोरी, म्हणाली, सुरुवातीला जड जातं, पण होते सवय. मार्लुसला वाटलं, आईविना पहिला वाढदिवस, त्याबद्दल बोलते आहे. तिचे डोळे भरले. हो, होईल सवय, म्हणाली.

मग ट्रूस माझ्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "मग कधी?"

मला फ्रान्सशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. "जुलैत."

"इतक्या लवकर?"

"उशीर करून काय करू? एकाहत्तर झालो."

"आणि कुठं?"

"नेहमीच्याच जागी. अक्रोडाखाली."

ट्रूसनं केकची बशी मांडीवर ठेवली. "हेनीच्या जागी?" ती म्हणाली. हे मात्र हळू नव्हतं. गोलातले चमचे थांबले. मार्लुसनं ट्रूसकडे पाहिलं, सोलांज बाईंकडे पाहिलं आणि मला स्वयंपाकघरात बोलावलं.

दार लावून ती ओट्याला टेकून उभी राहिली. "ट्रूसमावशीनं सकाळीच मला पडद्यांबद्दल सांगितलं होतं. मी म्हटलं, ऊन येत असेल."

"अगं, त्या बाई..."

"तीन महिने झालेत, बाबा. तीन. आणि बिस्किटांचा डबा उघडा असतो म्हणे."

"डब्याचं काय?"

"कॉफीबरोबर एक बिस्किट आणि डबा बंद. जन्मभर तेच पाहिलं मी. आईला तू कधी दुसरं बिस्किट दिलं नाहीस."

नव्हतंच दिलं. डबा उघडा राहायचा, कारण मी रडत असायचो आणि झाकण लावायचं राहून जायचं. पण हे सांगायला तोंड उघडलं, तोच तीन वाजले आणि माझ्या खिशात घरचा बिनतारी फोन वाजला.

कामानं माझा कान गेलाय, म्हणून फोनचा आवाज मी कायम पूर्ण मोठा ठेवतो. स्वयंपाकघराचं दार सोलांज बाईंनी उघडलं. त्या उंबऱ्यात उभ्या, ओठ हलवत. त्यांच्या मागे गोल अख्खा, हातात बशा. आणि फोनमधून मादामचा खणखणीत आवाज: "बाँझूर, हेनी!"

मी म्हणालो. माझी बायको हेनी ऑक्टोबरात वारली. सगळं म्हणालो, सरळ, कुठंही न अडखळता. एवढं शुद्ध फ्रेंच आमच्या स्वयंपाकघरात हेनी गेल्यापासून कुणी बोललं नव्हतं.

सोलांज बाईंनी मान हलवली, आता प्रश्न येणार. मी तयार होतो. कधी, कशानं, कुठं, सगळं पाठ होतं.

"एव्हर्ट," मादाम म्हणाल्या, "खाली बस जरा." आणि हे त्या आमच्या भाषेत म्हणाल्या. चांगल्या स्वच्छ डचमध्ये!

मी बसलो. स्टुलावर केक होता. त्याच्यासकट बसलो.

मादामकडे निम्मे तंबू आमच्याच लोकांचे. त्यांना आमची भाषा कधीपासूनच येत होती. फक्त आमच्याशी त्या डचमध्ये कधी बोलल्या नाहीत, कारण पहिल्याच वर्षी हेनीनं त्यांना बाजूला घेऊन बजावलं होतं. ते मादामनी मला जसंच्या तसं सांगितलं, आणि माझ्या फोनमुळे सगळ्या गोलानं ऐकलं.

"ती म्हणाली होती, याच्यासमोर डच बोलू नका. घरी सगळं हाच दुरुस्त करतो. मला काही येतं असं त्याला वाटतच नाही. इथं मात्र तो टोपी हातात घेऊन उभा राहतो आणि माझ्याकडे बघतो. वर्षातून एकदा वीस मिनिटं. तेवढी मला हवी आहेत."

टोपी हातात घेऊन मी त्यांच्या ओसरीवर उभा राहायचो, हे खरं. पहिली काही वर्षं. नंतर नंतर पाच मिनिटं झाली की हातोडा उचलून निघायचो. हेनी बोलता बोलता वळून बघायची. मला वाटायचं, खुंट्या नीट ठोकतोय का ते बघते.

हे मी मादामना सांगितलं नाही. कुठल्याच भाषेत सांगता आलं नसतं.

त्या रडत होत्या. मग म्हणाल्या, जुलैत ये, सतरा नंबर तुझाच आहे. पण माझ्या ओसरीवर मी तुझ्याशी डच बोलणार नाही. हेनीला शब्द दिलाय.

फोन ठेवून मी उठलो. ट्रूस आपल्या बशीकडे बघत होती, कान लाल झाले होते. मार्लुस जवळ आली, माझ्या पँटचा केक चमच्यानं खरवडायला लागली आणि म्हणाली, "उच्चार वाईट आहे, बाबा." मग कपाळ माझ्या खांद्यावर टेकवून बराच वेळ तशीच उभी राहिली. चमचा हातात तसाच.

तर आता गुरुवार पुन्हा सुरू आहेत. पडदे उघडे असतात. ट्रूस काच पुसत नाही. सरळ येऊन बसते आणि डब्यातलं दुसरं बिस्किट घेते. आम्ही पहिल्या धड्यावर आहोत. ते कुटुंब अजून स्टेशनवरच आहे. जुलैपर्यंत गाडी पकडतील असं वाटत नाही.

मला बिनचूक येतं ते अजून तेच एक वाक्य. परवा बाईंना विचारलं, तिथं फ्रान्समध्ये सकाळी दुकानात पाव मागायला गेलो आणि घाबरून तेच तोंडातून निघालं तर?

बाई म्हणाल्या, "मग पाव फुकट मिळेल."

मी हसलो. नंतर लक्षात आलं, त्या हे फ्रेंचमध्ये म्हणाल्या होत्या आणि मला कुणी समजावून सांगावं लागलं नव्हतं. एकतीस वर्षं उशीर झाला, एवढंच.