आप्पांचं वापरलेलं गवत

आमच्या किसनआप्पांनी उभ्या आयुष्यात नवीकोरी वस्तू एकदाच घेतली, ती म्हणजे स्वतःच्या लग्नातला फेटा. आणि तोही बोहल्यावर चढायच्या आधी त्यांनी चुलतभावाला तासभर घालायला लावला होता, असं मालनकाकी सांगतात. काकी म्हणजे आप्पांची बायको, माहेर कवठे येमाईचं.

"नवं काय, कुनीबी घेईल," हे आप्पांचं वेदवाक्य. "दुकानदार गोड बोलतो, आपुन पैशे मोजतो. वापरलेलं घ्यायला पारख लागती."

मी यवतजवळ त्यांच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत भाड्यानं राहतो आणि रोज डेमू गाडीनं दौंडला रेल्वेच्या ऑफिसात जातो. माझ्या खोलीचं दार एका पाडलेल्या मंगल कार्यालयातून आलंय. त्यावर लाल रंगात ‘वधूपक्ष’ असं लिहिलेलं आहे. लग्न न जमलेल्या माणसानं रोज त्या दारातून ये-जा करायची म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. रंग मारू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "कशाला? अक्षर चांगलं हाय."

स्वतः आप्पा ओसरीवर बसतात ते बंद पडलेल्या सलूनच्या फिरत्या खुर्चीत. शेताकडं तोंड करून चहा, गावाकडं वळून राजकारण. आणि मलासुद्धा त्यांनी वापरलेला म्हणूनच ठेवून घेतलंय. खोली द्यायच्या आधी माझ्या जुन्या घरमालकाला दौंडला जाऊन भेटून आले. "दोन वर्सं वापरलंय म्हनं तुम्हाला. तक्रार न्हाई त्यांची," म्हणाले आणि किल्ली हातात दिली.

हे सगळं हसण्यावारी जायचं, पण मागच्या वर्षी घात झाला. पुण्यातलं कुठलंसं शोरूम मोडलं, त्याची गुळगुळीत चकचकीत फरशी आप्पांनी टेम्पो भरून आणली आणि अंगणात बसवली. अख्खं गाव बघून गेलं. पंधरा दिवसांत त्याच फरशीवर मालनकाकी पडल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं. काकी दवाखान्यात असतानाच आप्पांनी पहार घेतली आणि सगळी फरशी उखडून काढली. ज्या माणसानं वाकडा खिळा कधी टाकला नाही, त्यानं फरशीचा एक तुकडाही घरात ठेवला नाही.

काकी वॉकर धरून घरी आल्या. घरातल्या घरात चालायच्या, पण उंबऱ्यापाशी आल्या की पाय थिजायचे. "माझं अंगन आता उंबऱ्यापातूरच," म्हणायच्या. डॉक्टरांनी तर साफ सांगितलं होतं, रोज बाहेर मोकळ्यावर चालल्या नाहीत तर पाय आखडेल आणि मग कायमचं अंथरूण. सुनांनी समजावलं, लेकीनं फोनवर रडून पाहिलं. काकी ढिम्म. आप्पा मात्र या विषयावर अवाक्षर काढत नसत. खुर्ची शेताकडं फिरवून बसून राहायचे, आणि गावातलं राजकारण पोरकं करून टाकलेलं.

अशात यवतला हायवेच्या कडेचं बॉक्स क्रिकेटचं जाळीबंद मैदान बंद पडलं. तिथलं प्लॅस्टिकचं हिरवं गवत विकायला निघालंय, असं आप्पांच्या कानावर आलं. मला सोबत घेऊन गेले. तिथं चपला काढल्या आणि डोळे मिटून त्या गवतावर इकडून तिकडं चालत राहिले. मालकाला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली.

"मऊ हाय," आप्पा डोळे उघडून म्हणाले. "आन् घसरत न्हाई."

"नवं साठ रुपये फूट पडतं आप्पा," मालक म्हणाला. "हे अठरानं न्या."

मी कानाशी लागलो, "आप्पा, बारा एकर ऊस आहे तुमचा. तुम्ही प्लॅस्टिकचं गवत विकत घेणार? गाव काय म्हणेल?"

"म्हनू दे की. उसावर चालता येतंय व्हय हिला? हे गवत पोरांच्या बुटाखाली टिकलंय. म्हंजी पास झालंय."

झालं! तिथून पुढं चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. गवताच्या मुळाशी वाळू भरलेली असते, हे आम्हाला काय ठाऊक? गुंडाळी चार हमालांना हलेना. त्यांनी हमाली दुप्पट मागितली. टेम्पोवाल्यानं टायरकडं बघून भाडं वाढवलं. घरी आणून झटकलं तर वाळूचा ढीग निघाला, आणि त्यात दोन रबरी बॉल, घड्याळाचा पट्टा आणि कुणाचा तरी अर्धा दात. बॉल आप्पांनी धुऊन ठेवले. दातावरही त्यांचा जीव घुटमळला, मीच फेकून दिला.

गवत बसवणारा फिटर मजुरी सांगू लागला, तसे आप्पा उसळले. "साठ वर्सं शेती केली. मला गवत लावायला शिकिवतो व्हय तू?" पुतण्याचा ट्रॅक्टर आणला आणि अंगणात रोटाव्हेटर फिरवला. माती कशी साखरेसारखी भुसभुशीत! सवयीनं दोन पाट्या शेणखत पडलं. वरून पाणी मारलं आणि मग ते प्लॅस्टिकचं गवत अंथरलं. दुसऱ्या दिवशी आप्पांनी पाय ठेवला तर घोटा आत. आठवड्यात शिवणीतून खरी हरळी डोकं वर काढून बघायला लागली.

शेवटी त्याच फिटरला बोलवावं लागलं. तो उत्तरेकडचा भय्या. कमरेवर हात ठेवून म्हणाला, "चाचा, घास नकली है. फिर खेती काहे असली कर दी?"

सगळं उचलून पुन्हा पहिल्यापासून. मुरूम, त्यावर रोलर, त्यावर खडीची बारीक कच, मग जोडाची पट्टी, मग चिकटवायचा गम, मग भय्याची मजुरी. मी मुद्दाम बेरीज करून दाखवली. नव्या गवताच्या किमतीच्या वर गेलं होतं.

"नव्यालाबी मुरूम लागलाच असता," आप्पा म्हणाले. वर म्हणाले, "आन् माझी नांगरट हिशेबातनं काढा."

गवतावर क्रिकेटच्या पांढऱ्या रेघा तशाच होत्या, आणि जिथं बॉलर पाय आपटायचे तिथं टक्कल पडलेलं. येणारा-जाणारा फाटकातून विचारायचा, "आप्पा, गाय कवा सोडताय चराया?" काकी खिडकीतून हे सगळं बघायच्या आणि मला म्हणायच्या, "खुळं लागलंय ह्यांना." पण बाहेर मात्र येत नव्हत्या.

काम पुरं झालं त्या संध्याकाळी आप्पांनी उंबऱ्यापाशी जाऊन काकींना हाक मारली. "चल."

"पडले म्हंजी?"

"न्हाई पडत."

"फरशी बसवली तवाबी असंच म्हनला हुता."

मला वाटलं, संपलं. एवढी सगळी उस्तवार पाण्यात गेली. आप्पा अंगणाच्या मध्यावर गेले आणि सरळ धाडकन खाली पडले. सत्तरीच्या पुढचा माणूस हो!

"हे बघ, पडलो," खालूनच ओरडले. "काय झालं? काय बी न्हाई!" मग उठायला गेले आणि तसेच मागं टेकले. "आई गं! कंबर धरली जनू."

मी धावलो. जवळ वाकलो तर ओठ न हलवता म्हणाले, "पाव्हनं, मागं सरा. हात लावू नका."

मी मागं सरलो. तोवर उंबऱ्याकडून वॉकर टेकल्याचा आवाज आला. काकी बाहेर आल्या होत्या. नजर पायाखाली नव्हतीच, नवऱ्यावर होती. वॉकर पुढं, मग पाय, पुन्हा वॉकर, असं करत त्या अंगणाच्या मध्यापर्यंत आल्या. वॉकर एका हातानं घट्ट धरून दुसरा हात त्यांनी पुढं केला.

"उठा. लोकं बघत्यात."

आप्पा उठले नाहीत. आभाळाकडं बघत म्हणाले, "ती फरशी मी आनली हुती गं. चुकलं माझं."

इतक्या महिन्यांत हे पहिल्यांदा त्यांच्या तोंडून निघालं होतं.

"फरशीवर कुठं घसरले मी?" काकी म्हणाल्या. "पदरात पाय गुतला हुता. उठा बरं आता."

हे खरं होतं की उभ्या उभ्या रचलेलं, मला माहीत नाही, आणि विचारायची माझी छातीही नाही. आप्पांनी काकींचा हात धरला. पण भार कणभरही टाकला नाही. दुसरा हात गवतावर टेकला, गुडघा दुमडला आणि कण्हत कण्हत पूर्णपणे आपल्याच जोरावर उठले.

उठून उभे राहिल्यावर म्हणाले, "लई ताकद हाय गं तुझ्यात अजून."