थंड इंजिन, तापलेला काटा

गुन्हेगार माझ्या नावाने थरथरतात. नक्की किती, ते सांगता येणार नाही, कारण अजून एकही माझ्यासमोर आलेला नाही. महाडला पिठाच्या गिरणीच्या वर ‘हर्षद उतेकर, खासगी गुप्तहेर’ अशी माझी पाटी आहे. तिच्यावर कायम पीठ बसतं, त्यामुळे ओळख आपोआप गुप्त राहते. वीर स्टेशनवरून गायब झालेली एक बॅग मी त्याच दिवशी हुडकली होती. ती माझीच होती आणि रिक्षात राहिली होती, पण त्याने तपासाचा दर्जा कमी होत नाही.

विनीत माझा सहायक आणि सख्खा मेहुणा. त्याच्याकडे स्कूटर आहे. एवढ्या पात्रतेवर मी त्याला घेतलं.

शनिवारी वरंध घाटाच्या अलीकडच्या एका गावातून किशोरने बोलावलं. किशोर मुंबईला विमानांच्या हँगरमध्ये वायरिंगचं काम करायचा. गावी परतला तो डोक्यात विमान घेऊन, आणि गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याने ते बांधलंसुद्धा. एका माणसाचं, पुढे पंखा. उडवायचं नव्हतं, भात कापलेल्या शेतात जमिनीवरून नुसतं धाववून बघायचं होतं. तेही आजच. उद्या त्याच शेतात त्याचे वडील महिपती वाल पेरणार होते.

“जमिनीतली वल सुकली का वाल येत नाय,” महिपती म्हणाले. “तो काय इमानासाठी थांबंल?”

म्हणजे आज नाही, तर विमान पुढचं भात कापेपर्यंत शेडमध्ये.

किशोरने स्विच लावला. इंजिन बंद होतं, गारठलेलं होतं. तरी तेलाच्या तापमानाचा काटा लाल पट्टीच्या टोकाला जाऊन चिकटला.

“मीटर बदललं, भाऊ. वायर बदलली. तरी सेम. आणि काटा खोटं बोलत असेल तर मी इंजिन स्टार्ट करणार नाय. खरंच तापलं तर कळणार कसं?”

मी हात मागे बांधून विमानाला प्रदक्षिणा घातली. मग खिशातून तापमापी काढून इंजिनाच्या बगलेत लावली.

“ताप नाही,” मी जाहीर केलं.

“भावोजी, ते हात लावूनही कळलं असतं,” विनीत म्हणाला.

“हात कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही.” मी महिपतींकडे वळलो. “गरम पाण्याच्या कुंडांचं सव गाव इथून कुठल्या बाजूला?”

“व्हतं त्याच बाजूला.”

“तिथलं पाणी कुणी न तापवता तापतं. तीच उष्णता जमिनीखालून इथे येऊन चाकांतून काट्यात चढते.”

“मधी आमचा गोठा लागतो,” महिपती म्हणाले. “म्हस कशी गार ऱ्हायली?”

म्हशीची साक्ष मी तूर्त बाजूला ठेवली. दुसरा संशय उंदरावर. उंदराने वायर कुरतडली.

“वायर कालच टाकली, भाऊ. नवी आहे.”

“मग उंदीरही नवा असेल.”

तिसरा निष्कर्ष मात्र बिनतोड होता. “हे विमान धावू नये असं कुणाला वाटेल? ज्याच्या खिशात वालाचं बियाणं आहे, त्याला.”

सगळ्यांनी महिपतींकडे पाहिलं. त्यांच्या खिशात खरंच बियाणं होतं.

“मला मोडायचं असतं तं कोयत्यानं मोडलं असतं,” ते शांतपणे म्हणाले. “बारीक काम मला जमत नाय.”

याला मी अर्धी कबुली धरलं.

इंजिनाच्या झाकणाआड एक लिंबू-मिरचीही तारेला लटकत होती. लिंबू सुकलं होतं, म्हणजे आठवड्यापूर्वीचं. एवढं अचूक अनुमान काढून मी थांबलो. धार्मिक बाबतीत मी हात घालत नाही.

उन्हं कलली. किशोर बांधावर जाऊन बसला. “राहू दे, बाबा. घाला तुमचे वाल,” तो म्हणाला. महिपती खिशातलं बियाणं उगाच चाळवत राहिले.

तेवढ्यात किशोरची आई बनुबाई नवं लिंबू घेऊन आली. शनिवार होता. तिने जुनं काढलं.

“भावोजी,” विनीत विमानातल्या सीटवरून म्हणाला, “काटा खाली आला.”

“माझ्या तपासाचा दबाव.”

तिने नवं लावलं.

“परत वर गेला.”

“बाई, तुम्ही कालपासून कुठे होता?” मी विचारलं. पण किशोर धावत आला होता.

“आये, काढ ते. आता लाव. परत काढ.”

काटा खाली, वर, खाली.

“हे तारेत कशाला ओवलंस?”

“दोरा तेलानं कुजतो.”

“आणि इथं आत?”

“भायेर बांधलं तर तुजा पंखा छाटंल नाय? हितं बरी खुटी हाय. हालू नये म्हून दुसरं टोक त्या लोखंडाला बांधलं.”

ती खुंटी म्हणजे तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा स्क्रू. काट्याची वायर तिथूनच निघते. त्या स्क्रूचा इंजिनाच्या अंगाशी तारेने संबंध जुळला, की काट्याला वाटतं सगळं पेटलं.

“वायर बदलताना तुला हे दिसलं नाही?” विनीतने किशोरला विचारलं.

“दिसलं ना. दर वेळी काढून बाजूला ठेवायचो, काम झालं की जागच्या जागी लावायचो, मग मीटर बघायचो. लिंबू न लावता स्विच कसा लावणार?”

बनुबाईने तार काढून टाकली आणि लिंबू किशोरच्या खिशात घातलं.

इंजिन सुरू झालं. काटा तळातून सावकाश, प्रामाणिकपणे चढला. विमान पलीकडच्या बांधापर्यंत धावत गेलं आणि वळून परत आलं. महिपती चाकोरीवरून चालत गेले, वाकून माती बघितली, आणि म्हणाले, “नांगर बरा चालतो.”

रविवारी तिथे वाल पेरले. लिंबू आता दोऱ्यात ओवतात.