काकमित्र परिवार

अनीश मंद्रूपकर कावळ्यांचा तज्ज्ञ झाला तो एका पंधरवड्यात. त्याआधी कावळा काळा असतो आणि ओरडतो, यापलीकडे त्याला काही ठाऊक नव्हतं.

झालं होतं असं, की जुळे सोलापुरातला त्याचा कॉम्प्युटरचा क्लास बंद पडला. बायको ज्ञानदा शाळेत शिकवायची, वडील वेणीमाधव पोस्टातून निवृत्त झालेले, त्यामुळे चूल अडली नव्हती. पण तिशी उलटलेला माणूस दिवसभर घरात दिसायला लागला, की भाजी निवडायचं काम आपोआप त्याच्याकडे येतं. अशीच एका दुपारी मेथी निवडताना मोबाइलवर त्याला एक मार्गदर्शक भेटले. घरबसल्या माहिती विकून माणसं कशी उभी राहतात, ते समजावून देत होते. लोक जिथं अडतात आणि सांगणारं कोणी नसतं, असा विषय धरा. त्यावरचं मिळेल ते वाचून काढा. तुम्हाला सगळं यायची गरज नाही, विचारणाऱ्यापेक्षा चार गोष्टी जास्त आल्या की तुम्ही तज्ज्ञ.

लोक कुठं अडतात, हे अनीशनं नुकतंच पाहिलं होतं. कुर्डुवाडीच्या काकांच्या दहाव्याला. पिंड मांडलेला, समोर लिंबावर कावळे बसलेले, आणि एकही खाली उतरेना. मुलानं आईला नीट सांभाळायचं कबूल केलं, जावयानं तंबाखू सोडली, धाकट्या भावानं बांधाचं भांडण मिटवलं, तरी उतरेना. ऊन माथ्यावर आलं, म्हाताऱ्यांना चक्कर यायला लागली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि लोक घरी परतले ते काकांचं नक्की काय राहिलं असेल, यावर तर्क करत.

मेथीची जुडी बाजूला सारून अनीश उठला आणि वाचायला बसला.

गावकावळा वेगळा आणि डोमकावळा वेगळा, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं. पुढं कळलं ते जास्त नवलाचं होतं. कावळा माणसाचा चेहरा वर्षानुवर्षं विसरत नाही. एकाला ओळख पटली की तो बाकीच्यांना सांगतो, पिलांनाही शिकवतो. त्यांच्यातलं कोणी मेलं की सगळे भोवती जमतात, काही वेळ नुसते बसून राहतात आणि मग एकदम निघून जातात. ही शेवटची गोष्ट वाचताना अनीशच्या अंगावर बारीक काटा आला होता. पण काटा हा काही विकण्याजोगा माल नव्हता, म्हणून त्यानं ती टिपणातून गाळली.

रोज सकाळी तो गच्चीवर जायचा. तोच मोहरीच्या रंगाचा शर्ट, तीच खुर्ची, कुठूनतरी मिळवलेली कावळ्याची तीच हाक छोट्या स्पीकरवर, आणि भाकरीचे तुकडे. थोड्याच दिवसांत हाक वाजायच्या आधीच कठडा भरायला लागला. मग त्यानं एक पुस्तिका केली, हाकेचं रेकॉर्डिंग जोडलं, फोनवर मार्गदर्शनाची सोय ठेवली आणि सगळ्याला ‘काकमित्र’ असं नाव दिलं. मेलेल्या माणसाच्या गोष्टीचं दुकान मांडू नये, असं ज्ञानदा एकदाच म्हणाली. हे दुकान नसून माहिती आहे, असं त्यानं तिला सांगितलं.

पहिलं गिऱ्हाईक करकंबचा शिवराज. त्याची आजी गोजरबाई गेली होती आणि पिंडाला कावळा शिवत नव्हता. अनीशनं फोनवरून सूचना दिल्या. माणसं लांब न्या. स्टीलचं चकचकीत ताट काढून केळीचं पान ठेवा. उघडी छत्री मिटा. हाक एकदाच वाजवा आणि गप्प राहा. शिवराजनं तसं केलं, आणि म्हातारी सुटली. त्यानं ही हकिगत गावभर केली. तिथून पंढरपूर तालुक्यात आणि तिथून वळसंगपर्यंत ‘कावळे सरां’चं नाव झालं. गिऱ्हाइकांसाठी अनीशनं मोबाइलवर ‘काकमित्र परिवार’ नावाचा ग्रुप काढला.

धंदा जोर धरत होता, तेवढ्यात कावळे गप्प झाले.

आधी सगळी गच्ची डोक्यावर घेणारे ते पक्षी आता येऊन नुसते बसायचे. भाकरीला चोच लावायचे नाहीत. मान जराशी तिरकी करून अनीशकडे बघायचे. तो दूध आणायला निघाला की दोघे वरून सोबत यायचे. सात रस्ता चौकात सिग्नलला थांबला की खांबावर एक बसलेला असायचा आणि तो खालची एवढी वाहनं सोडून याच्याकडेच बघत असायचा. शर्ट बदलून पाहिला, हेल्मेट घालून पाहिलं. काही फरक पडला नाही. भर उन्हात, जिथं डांबर मऊ होतं तिथं, अनीशच्या मानेवर गार वारा फिरल्यासारखं व्हायचं. चेहरा लक्षात ठेवणं ही जात कशासाठी करते, हे मात्र त्याच्या वाचनात कुठं आलं नव्हतं.

अशात आदिनाथ नावाच्या एका भल्या माणसानं वडिलांच्या दहाव्याला जातीनं यायची गळ घातली. वडील कोंडीबा हयातभर हट्टी होते, तेव्हा फोनवर भागायचं नाही, असं त्याचं म्हणणं. अनीश दहाव्याच्या जागी, शहरातल्या तलावाकाठी गेला. त्यानं हाक वाजवलीच नाही, तरी कावळे आले. झाडांवरून आले, पलीकडच्या काठावरून आले, आले ते पिंडावरून तसेच पुढं सरकले आणि अनीशच्या भोवती कोंडाळं करून जमिनीवर बसले. एकानंही तोंड उघडलं नाही. मग त्यातला एक डोमकावळा सावकाश उठला आणि अनीशच्या डोक्यावर येऊन टेकला. गार, बारीक नखं त्याला केसांतून स्पष्ट जाणवली. क्षणभर बसून तो उडाला आणि मागोमाग सगळे उडाले.

“शिवला,” मागून कोणीतरी सुटकेनं म्हणालं.

“शिवला खरा,” गुरुजी म्हणाले. “पण कुणाला, ते बघा.”

घरी येऊन अनीशनं ही गोष्ट हसत सांगायचा प्रयत्न केला. आई, प्रेमला, हसल्या नाहीत. कावळा डोक्याला शिवला म्हणजे त्या माणसाची घटका भरली, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं. त्यावरचा उताराही त्यांना माहीत होता. माणूस मेल्याची खोटी बातमी नातेवाइकांना धाडायची. ऐकून कोणीतरी खरोखर रडलं, की मरण फसतं आणि परत फिरतं. मग खरं काय ते कळवून टाकायचं. वेणीमाधवरावांनीही दुजोरा दिला. पोस्टात असताना कोपरा फाडलेली अशी पत्रं त्यांच्या हाताखालून जायची. पहिलं दुखवट्याचं आणि दुसऱ्या डाकेनं दिलगिरीचं.

अनीशला विचारण्यात अर्थ नव्हता, तो नाहीच म्हणाला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गच्चीवर गेलेला आणि त्याचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला पाहून प्रेमलाबाईंनी तो हातात घेतला. मजकूर वेणीमाधवरावांनी सांगितला: ‘कळवण्यास अत्यंत दुःख होते की आमचा अनीश आज पहाटे गेला. आई.’ प्रेमलाबाईंनी ‘परिवार’ असं लिहिलेलं दिसलं त्यावर तो पाठवला आणि कुर्डुवाडीच्या जावेच्या रडण्याची वाट बघत त्या पोळ्या लाटायला बसल्या.

फोन थरथरायला लागला तो थांबेचना. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, तर दुखवटा करणाऱ्यांत ओळखीचं एकही नाव नव्हतं. नातेवाइकांचा ‘मंद्रूपकर परिवार’ यादीत खाली राहिला होता आणि बातमी ‘काकमित्र परिवारा’त गेली होती.

त्यांनी हाक मारली तसा अनीश धावत खाली आला. आईवर रागवायला वेळ नव्हता. ‘मी अनीश. मी जिवंत आहे. गैरसमज नसावा,’ असं त्यानं घाईघाईनं टाकलं. मग एकेक जण न बोलता ग्रुप सोडून जायला लागला. मेलेल्या माणसाच्या नंबरावरून आईचा निरोप येणं एकवेळ ठीक होतं, पण पाठोपाठ त्याचा स्वतःचा यावा, हे त्या मंडळींना पेलण्यासारखं नव्हतं. सगळेच दहावा जवळून बघितलेले लोक होते. एकट्या शिवराजनं लिहिलं, ‘सर, शांत व्हा. आमी हाय.’

अनीश फोन घेऊन पुन्हा गच्चीवर गेला, कारण खाली रेंज नीट नव्हती. त्यानं शिवराजला फोन लावला.

“सर,” शिवराज अगदी हळू आवाजात म्हणाला, “तुमी कुटनं बोलताय?”

“घरातून. गच्चीवर आहे.”

“व्हय. धा दिस घरातच ऱ्हातंय म्हणत्यात.”

“शिवराज, मी मेलेलो नाही. आईनं चुकून पाठवलंय ते.”

“पयल्यांदा आसंच वाटतंय सर. आमच्या आज्जीलाबी वाटलं आसंल. काय ऱ्हायलंय का तुमचं? आसलं तर आत्ताच सांगून ठिवा, म्हंजी त्या दिवशी खोळंबा न्हाय.”

“माझं काही राहिलेलं नाही. फक्त दहावा वगैरे काही घालू नका.”

“आमच्या आज्जीला तुमी सोडवलं. तुमचं आमी न्हाय करायचं तर कुनी करायचं? तरास करून घिऊ नका, सर.”

त्यानं फोन ठेवला. अनीशनं परत लावला, तर उचललाच नाही. पुढं त्याचा फोन लागेनासाच झाला.

अनीश खुर्चीत बसला तेव्हा त्याचं कठड्याकडे लक्ष गेलं. कठड्यावर बोट ठेवायला जागा नव्हती. पाण्याच्या टाकीवर, केबलच्या तारांवर, शेजारच्या पत्र्यावर, सगळीकडे कावळे होते, आणि रस्त्यावरची रिक्षा ऐकू येत होती इतके ते गप्प होते. त्यानं टिपणातून गाळलेलं वाक्य त्याला आठवलं. आपलं कोणी मेलं की ते असेच जमतात. उठावं असं त्याच्या मनात आलं, पण पाय हलेनात. हात मांडीवर होते तसेच राहिले. एप्रिलच्या उन्हात त्याला हुडहुडी भरत होती आणि छातीत काही हलतंय की नाही, याचीही त्याला नीट खात्री वाटेना.

ज्ञानदाला ही बातमी शाळेत कळली. तिच्यासोबत शिकवणाऱ्या वैजयंतीचा भाऊ त्या ग्रुपमध्ये होता. ज्ञानदा वर्ग तसाच सोडून निघाली. घरात शिरली तर सासरे पेपर वाचत होते आणि सासूबाई पोळ्या लाटत होत्या, ते बघून तिच्या डोक्यात काही शिरेना. सासूबाईंनी नुसतं वर बोट दाखवलं. ती जिना चढून गेली आणि थबकली. चहूकडे काळे, मुके पक्षी आणि मधोमध खुर्चीत डोळे उघडे ठेवून बसलेला अनीश. ती त्यांच्यामधून चालत गेली. एकही बाजूला सरला नाही. खडूनं भरलेला हात तिनं त्याच्या गालाला लावला.

“मी आहे,” अनीश कसंबसं म्हणाला.

ज्ञानदा तिथंच तापलेल्या फरशीवर बसली आणि रडली. चांगली हुंदके देऊन, पदर तोंडात कोंबून रडली. जिन्यात उभ्या असलेल्या प्रेमलाबाईंनी दोन्ही हात जोडले. “रडली एकदाची,” त्या खाली नवऱ्याला म्हणाल्या. त्याच वेळी कावळे उठले, सगळे मिळून, आणि काव असं एकदाही न म्हणता तलावाच्या दिशेनं गेले.

ज्ञानदा सासूबाईंशी दोन दिवस बोलली नाही आणि नवऱ्याशी त्याहून जास्त. अनीशनं पुस्तिका काढून टाकली, उरलेला ग्रुप मोडला, मोहरी शर्ट बोहारणीला दिला. कावळे पुन्हा गच्चीवर आले नाहीत. रस्त्यानं जाताना एखादा दिसलाच, तर तो अनीशच्या आरपार पलीकडे बघायचा, जणू तिथं कोणी नाहीच. हळूहळू घर पूर्वीसारखं झालं. अनीश भाजी निवडायला लागला आणि त्याला त्यात पहिल्यांदाच बरं वाटायला लागलं.

मग दहाव्या दिवशी, रविवारी दुपारी सगळे जेवायला बसले. ज्ञानदानं ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. अनीशनं घास मोडला आणि तसाच हातात धरून बसला. सकाळपासून त्यानं चहाशिवाय काही घेतलं नव्हतं, पण अचानक पोट गच्च भरल्यासारखं झालं होतं. पाणीही जाईना. त्याला मोठा ढेकर आला. ढेकराला भाताचा, तिळाचा आणि वर तूप-शेंगदाण्याचा दरवळ होता. तो वास ज्ञानदाच्या पानापर्यंत गेला.

“कुठं खाऊन आलास?” तिनं विचारलं.

तो सकाळपासून घराबाहेर पडलेला नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं. त्याला काही सांगता येण्याआधी फोन वाजला. शिवराजनं एक व्हिडिओ पाठवला होता. ओढ्याकाठी गर्दी, केळीच्या पानावर तीळ घातलेला भाताचा पिंड, शेजारी तुपात भिजवलेली शेंगापोळी, मागं हार घातलेला अनीशचा फोटो. पान ठेवणाऱ्याचा हात मागे जायच्या आत एक डोमकावळा आला आणि शांतपणे, पोटभर जेवला. खाली लिहिलं होतं, ‘सर, सोलापूरच्या मानसाला शेंगापोळी आवडतीच म्हनून ठिवली. लगीच शिवला. आसा शिवलेला गावात कुनी बगितला न्हाय.’

अनीशनं फोन पालथा ठेवला आणि पान पुढं सारलं.

“मी विचारलं, कुठं खाल्लंस?”

“करकंबला,” अनीश म्हणाला.